चार तारे दिले कुणी? ऑनलाइन परीक्षणांवरून पुस्तक निवडताना

एका वाचकाचा प्रश्न आहे: "मी गुडरीड्स आणि ॲमेझॉनवरचं रेटिंग बघून पुस्तकं घेतो. चारच्या वर असेल तरच घेतो. तरीही निम्मी पुस्तकं पन्नासेक पानांनंतर सुटतात. मराठी पुस्तकांबद्दल तर तिथे फारसं काही सापडतच नाही. या साइट्सवर विसंबावं की नाही? आणि विसंबायचं तर कसं?"

विसंबा, पण सरासरी आकड्यावर नको. लिहिलेल्या मजकुरावर विसंबा, आणि तोही लिहिणारा कोण आहे हे पाहून. मी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथखरेदीचं काम बघते. पुस्तकांसाठी मिळणारे पैसे ठरलेले असतात आणि बाजारात येणारी पुस्तकं अफाट असतात, त्यामुळे हातात न घेतलेल्या पुस्तकाबद्दल इतरांचं मत वाचून निर्णय घेणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. परीक्षणांच्या साइट्सनी हे काम खूप सोपं केलं आहे. 'चारच्या वर असेल तरच' ही अट मात्र मी कधीच लावत नाही. तुमची निम्मी पुस्तकं सुटतात त्याचं कारण बहुधा त्या अटीतच आहे.

आधी तो आकडा काय सांगतो ते बघू. गुडरीड्स या वाचकांच्या साइटवर प्रत्येक ताऱ्याला अर्थ दिलेला आहे. एक म्हणजे आवडलं नाही, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे आवडलं, चार म्हणजे खूप आवडलं आणि पाच म्हणजे अप्रतिम. म्हणजे तिथे तीन तारे ही पसंती आहे. ॲमेझॉनवर मात्र तेच तीन तारे दिलेलं परीक्षण टीकेच्या गटात जातं. गुडरीड्सवर अर्धा तारा देता येत नाही, त्यामुळे साडेतीन द्यावेसे वाटणारा वाचक मनाच्या लहरीप्रमाणे तीनकडे किंवा चारकडे झुकतो. लायब्ररीथिंग आणि स्टोरीग्राफ या अशाच आणखी दोन साइट्स. लायब्ररीथिंगवर अर्धा तारा देता येतो, स्टोरीग्राफवर तर पाव तारासुद्धा. चार ठिकाणचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही.

ॲमेझॉनने २०१३ साली गुडरीड्स विकत घेतलं. मालक एक झाला, तरी दोन्हीकडे लिहिणाऱ्याची भूमिका वेगळी राहिली. गुडरीड्सवर माणूस वाचक म्हणून लिहितो, ॲमेझॉनवर गिऱ्हाईक म्हणून. पुठ्ठा दुमडलेला आला, पार्सल आठवडाभर उशिरा पोचलं, शाई पसरली होती, या सगळ्यासाठी तिथे एक तारा पडतो आणि तो पुस्तकाच्या खात्यात जमा होतो. शिवाय ॲमेझॉनवरचा आकडा ही साधी सरासरी नसते. परीक्षण किती ताजं आहे, खरेदीची खात्री पटलेली आहे का, अशा गोष्टींना वजन देऊन तो काढलेला असतो.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा असा की पुस्तकाला तारे देणारे लोक सरसकट कुणीही नसतात. ते पुस्तक त्यांनी आपणहून निवडलेलं असतं. आकडा कितीही काळजीपूर्वक काढला तरी तो 'हे पुस्तक ज्यांनी उचललं त्यांना ते कसं वाटलं' एवढंच सांगतो. तुम्ही त्या लोकांसारखे आहात की नाही हे आकडा सांगू शकत नाही.

मालिकांच्या पुस्तकांत हे सर्वांत स्वच्छ दिसतं. पाच भागांची एखादी रहस्यमालिका घ्या. पहिल्या भागाला ३.८, दुसऱ्याला ४.१ आणि पाचव्याला ४.४, असा चढता आलेख तुम्हाला वारंवार दिसेल. लेखक भागागणिक सुधारत गेला असं त्यावरून वाटतं. खरं तर ज्यांना पहिला भाग आवडला नाही ते तिथेच थांबले आणि पाचव्यापर्यंत फक्त चाहते उरले. अशा वेळी पहिल्या भागाचाच आकडा बघायचा, कारण सगळ्या प्रकारचे वाचक फक्त त्याच भागाला मिळालेले असतात.

नव्याकोऱ्या पुस्तकाचंही असंच आहे. प्रकाशनाच्या आधी किंवा पहिल्या काही आठवड्यांत ते वाचणारे म्हणजे लेखकाचे जुने चाहते आणि प्रकाशकाकडून आगाऊ प्रत मिळालेले लोक. शिनशिन ली आणि लॉरिन हिट या संशोधकांनी २००८ साली ॲमेझॉनवरच्या पुस्तकांच्या परीक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बहुतांश पुस्तकांचं रेटिंग सुरुवातीला चढं आणि पुढे उतरतं दिसलं. घाई नसेल तर नव्या पुस्तकासाठी चार-सहा महिने थांबणं मला बरं वाटतं. तोवर चाहत्यांबाहेरचे वाचक बोलू लागलेले असतात.

पुरस्कारप्राप्त पुस्तकांबाबत तर 'चारच्या वर' ही अट थेट नुकसान करते. बालाज कोवाच आणि अमांडा शार्की या दोन संशोधकांनी गुडरीड्सवरची अडतीस हजारांहून जास्त परीक्षणं तपासली. २००७ ते २०११ या काळात मोठे पुरस्कार मिळालेली आणि अंतिम यादीत येऊन पुरस्कार हुकलेली अशी ६४ इंग्रजी पुस्तकं त्यांनी घेतली होती. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकाचे वाचक वाढतात आणि रेटिंग घसरतं. कारण सरळ आहे. पुरस्काराच्या बातमीने असे वाचक येतात ज्यांनी एरवी त्या प्रकारचं पुस्तक हातात धरलं नसतं. म्हणून बुकर किंवा साहित्य अकादमी मिळालेल्या कादंबरीला ३.६ दिसले तर मी बिचकत नाही. पुस्तक त्याच्या नेहमीच्या वाचकांच्या बाहेर गेलं एवढाच मी त्याचा अर्थ घेते. अभ्यासक्रमात लागलेल्या पुस्तकांचंही तेच. परीक्षेपुरतं, सक्तीने वाचलेल्या पुस्तकाला विद्यार्थ्यांनी दिलेले दोन तारे त्या सक्तीला असतात.

उलट कमी वाचकसंख्येच्या पुस्तकाला ४.८ असेल तर आधी किती जणांनी तारे दिले ते बघा. वीस-पंचवीस जणांच्या ४.८ पेक्षा काही हजार जणांच्या ३.९ मध्ये मला जास्त माहिती मिळते. त्याहूनही उपयोगी म्हणजे आकड्याशेजारी किंवा खाली दिसणाऱ्या, किती जणांनी किती तारे दिले ते दाखवणाऱ्या पाच आडव्या पट्ट्या. ३.५ ही सरासरी दोन प्रकारे येऊ शकते. अर्ध्या लोकांनी तीन आणि अर्ध्यांनी चार दिले तरी ३.५ येतात, अर्ध्यांनी पाच आणि अर्ध्यांनी दोन दिले तरी तेच. पहिलं पुस्तक बहुतेकांना बरं वाटेल आणि बहुतेकजण ते विसरतील. दुसरं तुम्हाला एक तर आरपार भिडेल किंवा वैताग आणेल. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली आणि आजही तिच्याबद्दल अशीच दोन टोकांची मतं ऐकू येतात. अशा पुस्तकाची सरासरी काढून हाती काय लागणार? मला व्यक्तिशः दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांची ओढ आहे. ग्रंथालयासाठीही मी ती आवर्जून घेते, कारण वर्षानुवर्षं ज्यांच्याबद्दल वाचक येऊन बोलतात ती पुस्तकं बहुधा याच गटातली असतात.

खोट्या परीक्षणांबद्दल फार वेळ घालवत नाही, पण ती असतात हे लक्षात ठेवा. २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने एका अमेरिकन धंद्याची हकीकत छापली होती. तिथे पुस्तकावर एक स्तुतिपर परीक्षण लिहून मिळण्याचा दर ९९ डॉलर होता, वीस परीक्षणांचा ४९९ आणि पन्नासांचा ९९९. याच्या उलट प्रकारही होतो. अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या सायबेरियात घडणाऱ्या कादंबरीवर जून २०२३ मध्ये गुडरीड्सवर शेकडोंनी एकेक तारा पडला. युक्रेनवर युद्ध चालू असताना रशियात घडणारं कथानक नको, हा त्यामागचा राग होता. पुस्तक तेव्हा बाजारात यायचंच होतं. त्या वाचकांचं दुखणं खरं होतं, पण ते तारे पुस्तक वाचून दिलेले नव्हते. गिल्बर्ट यांनी प्रकाशन लांबणीवर टाकलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. विकत घेतलेली परीक्षणं छापू नयेत, लिहिणाऱ्याची खातरजमा व्हावी, अशा अपेक्षा त्यात आहेत. मात्र ते ऐच्छिक म्हणून आलं, त्यामुळे पारख शेवटी आपल्यालाच करावी लागते.

ती पारख फार अवघड नाही. परीक्षण वाचून स्वतःला विचारा: यातलं पुस्तकाचं नाव काढून दुसरं घातलं तर चालेल का? "ओघवती भाषा", "खिळवून ठेवणारं कथानक", "एका बैठकीत वाचून काढलं", "प्रत्येकाने संग्रही ठेवावं असं पुस्तक". ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. ती खोटीच असतील असं नाही. मनापासून लिहिणारेही असंच लिहितात, पण निवडीसाठी त्यांचा उपयोग शून्य. ज्यात एखाद्या पात्राचं नाव येतं, एखाद्या प्रकरणाबद्दल तक्रार असते, 'शंभराव्या पानानंतर वेग मंदावतो' असं काही नेमकं सांगितलेलं असतं, ते परीक्षण पुस्तक वाचलेल्या माणसाचं आहे आणि तेच कामाचं आहे.

वाचायचा क्रम मी असा ठेवते. आधी तीन ताऱ्यांची परीक्षणं. असे तारे देणारा भारावलेला नसतो आणि चिडलेलाही नसतो. काय आवडलं आणि कुठे अडखळलो हे दोन्ही तो सांगतो. मग दोन ताऱ्यांची, आणि तिथे मी सर्वांत जास्त वेळ देते. पाच तारे देणारे सगळे साधारण एकसारखं लिहितात. न आवडण्याची कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी असतात, आणि त्यांतून पुस्तकाचा स्वभाव कळतो.

एक अनुभव सांगते. आमच्याकडे निवृत्त शिक्षिका असलेल्या एक वाचक येतात. वेगवान, भरपूर तारे मिळवलेल्या रहस्यकथा त्या नेत आणि अर्ध्यातून परत आणत. बोलताना त्यांनी सांगितलं की त्यांना गावातलं, घरातलं, हळूहळू उलगडणारं काही वाचायला आवडतं. मग मी साइटवर मुद्दाम त्या प्रकारच्या कादंबऱ्यांची दोन ताऱ्यांची परीक्षणं चाळली. एका कादंबरीवर कुणीतरी वैतागून लिहिलं होतं: 'काहीच घडत नाही, नुसती माणसं स्वयंपाक करतात आणि आठवणी काढतात.' ती कादंबरी मी बाईंना दिली. त्यांनी मुदत वाढवून घेऊन ती वाचली आणि त्याच लेखिकेचं पुढचं मागायला आल्या. तक्रार करणाऱ्याने पुस्तकाचं वर्णन अचूक केलं होतं, फक्त ते पुस्तक त्याच्यासाठी नव्हतं.

तुम्हीही तक्रारी अशाच वाचा. 'फार तपशील आहेत' ही तक्रार इतिहासाच्या पुस्तकावर असेल तर माझ्यासाठी ती शिफारस ठरते. 'शेवट अर्धवट सोडला आहे' हे काहींना खुपतं, काहींना तसाच शेवट हवा असतो. मात्र काही तक्रारी सगळ्यांसाठी सारख्याच असतात: तथ्यांच्या चुका, बेफिकीर संपादन, मुद्रणदोषांनी भरलेली पानं. दोन-तीन अनोळखी लोक एकमेकांचा संदर्भ न देता तीच चूक दाखवत असतील तर ती गंभीरपणे घ्यावी. वाईट परीक्षणाने पुस्तक मरतंच असंही नाही. बर्जर, सोरेन्सन आणि रासमुसेन या संशोधकांनी २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समधल्या परीक्षणांचा विक्रीवरचा परिणाम मांडला. प्रतिकूल परीक्षणाने प्रस्थापित लेखकांची विक्री सुमारे १५ टक्क्यांनी घटली, पण अनोळखी लेखकांची ४५ टक्क्यांनी वाढली. निदान पुस्तक अस्तित्वात आहे एवढं तरी लोकांना कळलं!

आता सर्वांत उपयोगी काम. आपल्यासारखी आवड असलेली माणसं शोधा. तुम्ही वाचलेल्या पुस्तकांपैकी एक अतिशय आवडलेलं आणि एक अजिबात न रुचलेलं, पण लोकांनी डोक्यावर घेतलेलं, अशी दोन निवडा. मग दोन्हींच्या परीक्षणांत एकच नाव दिसतं का बघा, जे पहिल्यावर तुमच्यासारखंच खूश आहे आणि दुसऱ्यावर तुमच्यासारखंच नाराज. न आवडलेल्या पुस्तकावर मत जुळणं जास्त बोलकं असतं, कारण लोकप्रिय पुस्तक आवडणारे लाखो असतात आणि त्यातून काहीच कळत नाही. गुडरीड्सवर दोन वाचकांची पुस्तकं शेजारी ठेवून बघता येतात. २००५ पासून चालू असलेल्या लायब्ररीथिंगवर तर तुमच्या संग्रहाशी कुणाचा संग्रह जुळतो हे साइटच दाखवते, आणि सर्वांकडे असलेल्या पुस्तकांपेक्षा दुर्मीळ पुस्तक जुळलं तर त्याला जास्त वजन देते. असे तीन-चार वाचक सापडले की सरासरीकडे बघायची गरजच उरत नाही. ते काय वाचतात, काय अर्ध्यात सोडतात, एवढं अधूनमधून बघत राहायचं.

स्टोरीग्राफ ही त्या मानाने नवी साइट नादिया ओदुनायो यांनी सुरू केली. तिथे पुस्तकाचा वेग संथ की जलद, मनःस्थिती गंभीर की हलकी, हे वाचकांनी नोंदवलेलं असतं, आणि हिंसा, आत्महत्या अशा विषयांची सूचनाही असते. तुमची पुस्तकं पन्नास पानांवर सुटतात म्हणता, तर वेगाची ती नोंद बघायला सुरुवात करा. किशोरवयीन मुलांसाठी पुस्तक निवडणाऱ्या पालकांना मी ती विषयसूचना आधी वाचायला सांगते.

माहितीपर पुस्तकांना यातलं बरंच लागू पडत नाही. आहार, गुंतवणूक, इतिहास यांवरच्या पुस्तकाला मिळालेले साडेचार तारे ते वाचायला सुखद आहे एवढंच सांगतात, त्यातलं खरं किती हे नाही. तिथे लेखकाची त्या विषयातली पार्श्वभूमी, शेवटी संदर्भसूची आणि विषयसूची आहे का, आणि त्या क्षेत्रातल्या कुणी सविस्तर लिहिलं आहे का, हे बघायचं. डॉक्टरने किंवा इतिहासाच्या अभ्यासकाने लिहिलेलं एक परीक्षण तिथे हजार ताऱ्यांना भारी पडतं.

अनुवादित पुस्तकांकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यायला हवं, कारण इथे फसगत सहज होते. गुडरीड्स आणि लायब्ररीथिंग दोन्हीकडे एका पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या, सगळ्या भाषांतल्या, एकाच कृतीखाली जोडलेल्या असतात आणि तारे एकत्र मोजले जातात. तुम्ही एखाद्या मराठी अनुवादाच्या पानावर ४.२ बघता, तेव्हा ते जवळजवळ सगळे तारे मूळ इंग्रजी वाचलेल्यांनी दिलेले असतात. मराठी अनुवाद कसा उतरला आहे याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. मूळ पुस्तक उत्तम आणि अनुवाद घाईत उरकलेला, अशी पुस्तकं मी पुष्कळ पाहिली आहेत. वाचक मग मूळ लेखकालाच बोल लावतो, याचं मला फार वाईट वाटतं.

अनुवादाची पारख नमुना पानांवरूनच करावी लागते. पहिलं पान सगळेच नीट करतात, म्हणून संवाद असलेलं पान शोधा. म्हातारी, पोलीस आणि शाळकरी मुलगा एकाच तऱ्हेने बोलत असतील, वाक्यं कर्मणी प्रयोगात अडकलेली असतील, एखादं वाक्य दोनदा वाचूनही कोण कुणाला काय म्हणालं हे कळत नसेल, तर ते पुस्तक पन्नास पानांवर सुटणार हे आत्ताच समजा. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर किंवा निदान विक्रीच्या पानावर दिलेलं आहे का तेही पाहा. एकदा चांगला अनुवादक सापडला की त्याच्या नावाने पुस्तकं शोधणं हा पुढचा सोपा मार्ग. पानांची संख्याही ताडून बघा. मूळ पुस्तक सहाशे पानांचं आणि मराठी अडीचशेचं असेल तर तो संक्षेप असू शकतो, आणि तसं प्रत्येक जाहिरातीत सांगितलेलं नसतं.

आवृत्त्यांची अशीच सरमिसळ ॲमेझॉनवर जुन्या पुस्तकांबाबत होते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, त्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणालाही छापता येतात आणि एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या प्रकाशकांच्या प्रती बाजारात आहेत. 'अक्षर बारीक', 'पानं सुटली', 'दोन प्रकरणं गायब' ही परीक्षणं त्यांतल्या कुठल्या प्रतीबद्दल आहेत ते तपासल्याशिवाय घेऊ नका. पुस्तक वाचायचं की नाही हे ठरवताना अशा तक्रारी बाजूला ठेवाव्यात, आणि कुठली प्रत विकत घ्यायची हे ठरवताना मात्र त्याच आधी वाचाव्यात.

आता मूळ मराठी पुस्तकं. तिथे गुडरीड्सवर काही सापडत नाही असं तुम्ही म्हणता. आधी शोधायची पद्धत बदलून बघा. एकच पुस्तक कुणी देवनागरीत नोंदवलेलं असतं, कुणी रोमन लिपीत, तेही दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी, आणि या नोंदी एकमेकींना जोडलेल्या नसतात. नाव दोन्ही लिप्यांत टाकून बघा, नाही सापडलं तर लेखकाच्या आडनावावरून जा. एवढं करूनही तारे थोडे आणि जवळपास सगळे चढे दिसतील, कारण मराठी पुस्तकाची नोंद करण्याइतके कष्ट घेणारा माणूस बहुधा त्या पुस्तकाच्या प्रेमात असतो. मराठी पुस्तकासाठी मी तिथला आकडा बघतच नाही. कुणी चार ओळी लिहिल्या असतील तर त्या वाचते.

मजकूर हवा तर तो इतरत्र आहे. मराठी संकेतस्थळांपैकी मायबोली १९९६ पासून चालू आहे, मिसळपाव २००७ पासून, आणि 'ऐसी अक्षरे'वरही पुस्तकांवर सविस्तर लिहिलं गेलं आहे. तिथला खरा ऐवज मूळ लेखापेक्षा खालच्या चर्चेत असतो. एकजण स्तुती करतो, दुसरा मुद्दे मांडून विरोध करतो, तिसरा त्याच विषयावरचं अधिक चांगलं पुस्तक सुचवतो. हे तिसऱ्याचं सुचवणं मी लगेच टिपून ठेवते. छापील नियतकालिकांत 'साधना' साप्ताहिक आणि 'ललित' मासिक आहे, 'लोकसत्ता'ची 'लोकरंग' पुरवणी आहे, आणि इंग्रजी पुस्तकांवर मराठीत वाचायचं असेल तर त्याच दैनिकाचं 'बुकमार्क' हे पान. यांतलं बरंच आता ऑनलाइन वाचता येतं.

मात्र मराठीत पुस्तकांवर छापून येणारा बराचसा मजकूर परिचयाच्या स्वरूपाचा असतो. पुस्तकात काय आहे ते सांगायचं, लेखकाचं अभिनंदन करायचं, मुखपृष्ठकाराचा आणि प्रकाशकाचा उल्लेख करायचा. लिहिणारा आणि लेखक एकमेकांना ओळखतात, वर्तुळ लहान आहे, त्यामुळे टीका फार सौम्य शब्दांत येते आणि बहुधा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. 'काही ठिकाणी पाल्हाळ टाळता आला असता' किंवा 'मुद्रितशोधनाकडे अधिक लक्ष द्यायला हवं होतं' एवढंच एक वाक्य असतं. ते वाक्य वगळून पुढे जाऊ नका, सगळ्या परिचयात वजनदार तेच असतं. पाल्हाळाचा उल्लेख सभ्य माणसाने केला आहे म्हणजे पुस्तक बरंच लांबलं आहे असं मी धरते, आणि आजवर हा हिशेब मला उपयोगी पडला आहे. परिचय लिहिणाऱ्यानेच पुस्तकाला प्रस्तावना दिली आहे का, किंवा प्रकाशन समारंभात तोच प्रमुख पाहुणा होता का, हेही बघावं. असेल तर त्याचं मत पाठराखण म्हणून वाचावं. त्यातली माहिती तरीही घ्यायला हरकत नाही.

त्यानंतर पानं उघडा. बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या साइटवर अनेक मराठी पुस्तकांची काही पानं वाचायला मिळतात, किंडलवर सुरुवातीचा नमुना विनामूल्य उतरवून घेता येतो. अनुक्रमणिका, मनोगत आणि पहिलं प्रकरण वाचायला वीस मिनिटं पुरतात. 'तिसरी आवृत्ती' असं वाचून भारावू नका. मराठीत एक आवृत्ती हजार किंवा त्याहूनही कमी प्रतींची असू शकते. पहिल्या आवृत्तीचं साल आणि ताज्या आवृत्तीचं साल यांतलं अंतर बघा. तीस वर्षं जे पुस्तक सावकाश पण पुन्हापुन्हा छापलं जात आहे, त्याच्यामागे जाहिरात नाही, वाचक आहेत.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी ग्रंथालयातून आणा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं तालुक्यापर्यंत आणि पुढे गावांपर्यंत गेलं आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तीही वाचा. एका पाठोपाठ एक शिक्के पडलेले असतील तर पुस्तक हातोहात फिरतं आहे. वर्षातून एखादाच शिक्का असेल तर ग्रंथपालाला विचारा, ते कोण नेतं. कधीकधी तीच मोजकी माणसं तुमच्या आवडीची निघतात. हवं ते पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत लिहा. खरेदीच्या वेळी आम्ही ती वही खरोखर उघडतो.

राहिली तुमची सुटलेली पुस्तकं. ती रद्दीत काढू नका, त्यांच्याइतकी चांगली माहिती तुम्हाला कुठल्याही साइटवर मिळणार नाही. प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहा: कुठल्या पानावर थांबलात आणि का. 'पात्रं फार, नावं लक्षात राहिली नाहीत.' 'उपदेश सुरू झाला.' 'भाषा अवघडली.' दहाबारा पुस्तकांची अशी यादी झाली की दोन-तीन कारणं पुन्हापुन्हा आलेली दिसतील. पुढचं पुस्तक घेताना साइटवरच्या परीक्षणांत आधी तीच कारणं शोधा. दोन ताऱ्यांच्या परीक्षणांत ती दिसली तर ४.५ असूनही पुस्तक सोडून द्या. दिसली नाहीत आणि बाकी वर्णन ओढ लावणारं असेल, तर ३.६ असलं तरी घ्या. आणि त्या ओळी वहीत ठेवण्यापेक्षा साइटवरच लिहा, मराठी पुस्तकांबद्दल तर नक्कीच, आणि मराठीतच लिहा. नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्हीकडे द्या, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव घाला. माझ्यासारख्या खरेदी करणाऱ्यांना 'एकशे वीस पानांनंतर सोडलं, कारण सगळे संवाद एकाच सुरात आहेत' अशा एका ओळीने पंचवीस पाचताऱ्यांपेक्षा जास्त कळतं.